बाटलीतली खाडी : ठाण्याच्या चिखलातून विनोग्राड्स्की स्तंभ कसा उभारायचा

हार्बरची लोकल मानखुर्द सोडून वाशीच्या पुलावर आली आणि नेमकी ओहोटी असली, की डब्यात सडक्या अंड्यांचा वास शिरतो. कुणी नाकाला रुमाल लावतं, कुणी ‘गटार झालंय खाडीचं’ म्हणून मोकळं होतं. सांडपाण्याचा त्यात वाटा आहेच. पण तो वास तयार करणारे मजूर वेगळेच आहेत. उघड्या पडलेल्या चिखलात हवेतला प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. त्याच्या खाली प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट ‘श्वासाला’ वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. वास त्याचा.

‘सूक्ष्मजीव सगळीकडे असतात’ हे वाक्य शाळेपासून कानावर असतं. ते खरं असलं तरी अर्धवट आहे, कारण प्रत्येकाचा पत्ता ठरलेला असतो आणि तो प्रकाश, प्राणवायू, गंधक, क्षार आणि अन्न यांच्या हिशेबाने ठरतो. दोन सेंटिमीटर खाली गेलं की रहिवासी बदलतात. हे पत्ते डोळ्यांनी वाचता यावेत यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक पारदर्शक बाटली, किलोभर चिखल, अर्धं वर्तमानपत्राचं पान आणि दोन महिन्यांचा धीर एवढ्यावर भागतं.

ही रीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की (१८५६–१९५३) यांच्या नावाने ओळखली जाते, म्हणून चिखल भरलेल्या अशा बाटलीला विनोग्राड्स्की स्तंभ म्हणतात. गंधकाच्या झऱ्यांत सापडणाऱ्या ‘बेजिआटोआ’ या धाग्यासारख्या जिवाणूवर त्यांनी स्ट्रासबुर्गमध्ये काम केलं आणि हा जीव हायड्रोजन सल्फाइड जाळून ऊर्जा मिळवतो, हे १८८७ साली मांडलं. दगडा-वायूंवर जगणारे जीव असू शकतात हा विचार तिथून रुजला. गंमत म्हणजे तो बेजिआटोआ आपल्या बाटलीतही बहुधा हजेरी लावतो.

किती बाटल्या?

एकच बाटली केली तर रंग दिसतील, पण ते का दिसले ते कळणार नाही. म्हणून तीन करा. पहिलीत खाडीचा चिखल आणि उजेड, दुसरीत तलावाचा गाळ आणि उजेड, तिसरीत खाडीचा चिखल पण पूर्ण अंधार. पहिली आणि दुसरी शेजारी ठेवल्या की क्षार आणि सल्फेट काय करतात ते दिसतं, पहिली आणि तिसरी ठेवल्या की उजेड काय करतो ते. शाळेच्या प्रकल्पासाठी करत असाल तर तिसरी बाटली हमखास वगळली जाते, आणि परीक्षक नेमकं तिच्याबद्दलच विचारतात.

सामान

एका बाटलीसाठी लागणारं सामान असं:

- १ लिटरची सरळ अंगाची, पारदर्शक पाण्याची बाटली. मान जिथे निमुळती व्हायला लागते तिथे कापा. कापल्यावर साधारण ८०० ते ८५० मिली जागा उरते. उंच, अरुंद काचेची बरणी मिळाली तर त्याहून चांगलं, कारण प्लॅस्टिकमधून प्राणवायू किंचित झिरपतो. तीन-चार महिन्यांच्या प्रयोगाला मात्र प्लॅस्टिक चालतं.
- चाळलेला चिखल, सुमारे ८०० ग्रॅम.
- वर्तमानपत्राच्या एका पानाचा अर्धा भाग (४ ते ५ ग्रॅम). रंगीत जाहिरातींचं गुळगुळीत पान नको.
- एका अंड्याचं कवच, धुऊन, वाळवून, खलबत्त्यात बारीक कुटलेलं (५ ग्रॅमच्या आसपास).
- तलावाच्या बाटलीसाठी जिप्सम, सपाट एक छोटा चमचा (५ ग्रॅम). खतं-बियाण्यांच्या दुकानात किंवा नर्सरीत मिळतं.
- चिखल घेतला तिथलंच पाणी, अर्धा लिटर.
- रबरी हातमोजे, जुनी चाळणी, बादली, लाकडी दांडा, अन्न झाकायची पातळ प्लॅस्टिक फिल्म, रबरबँड, कायम टिकणारा मार्कर.

इथे एका घोळाकडे लक्ष द्या. परदेशी कृतींत ‘चॉक पावडर’ लिहिलेलं असतं आणि त्यांना कॅल्शियम कार्बोनेट अभिप्रेत असतं. आपल्याकडचा साधा शाळेचा खडू बहुतेकदा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. म्हणजे कार्बोनेट टाकतोय असं समजून तुम्ही सल्फेट टाकता आणि दोन बाटल्यांची तुलनाच बिघडते. पारख सोपी आहे: पूड बशीत घ्या, वर लिंबू पिळा. फसफसली तर कार्बोनेट, थंड राहिली तर जिप्सम. अंड्याचं कवच या परीक्षेत पास होतं, म्हणून ते बरं. खायचा चुना चुकूनही वापरू नका. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, इतका तिखट की तळाचे निम्मे जिवाणू सुरुवातीलाच मरतील.

गंधकासाठी उकडलेल्या अंड्याचा बलक टाका, असंही बऱ्याच ठिकाणी सुचवलं जातं. नका टाकू. बलक वेगाने कुजतो, वायू भराभर होतो, चिखल फुटतो आणि घरच्यांचा पाठिंबा पहिल्याच आठवड्यात संपतो.

चिखल कुठून आणि कधी आणायचा

आधी, कुठून आणायचा नाही ते. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा पश्चिम काठ २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. कांदळवनं बाहेरची असली तरी संरक्षित आहेत. तिवराच्या वर आलेल्या श्वासमुळांमध्ये पाय घालून चिखल खणणं तर कुठेच नको; एकेक मूळ मोडलं की झाडाचा तेवढा श्वास बंद.

सोयीची जागा म्हणजे कोळीवाड्याची जेट्टी. होड्या लागतात तिथला गाळ रोज तुडवला जात असतो, तिथून दोन मुठी घेतल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. पण विचारून घ्या. दिवाळे असो की चेंदणी, जेट्टीवर बसलेल्या एखाद्या काकांना ‘शाळेच्या प्रयोगाला चिखल हवाय’ म्हटलं की ते हसतात आणि पाय कुठे रुततो, कुठे नाही, तेही सांगतात. हे दुसरं जास्त मोलाचं. नवी मुंबईतल्या धारण तलावांचा गाळही चालतो. त्यांत भरतीचं पाणी येत-जात असल्याने तो अर्धा खाडीचाच असतो. तिथे महापालिकेची परवानगी मात्र घ्या.

वेळ ओहोटीची. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण कोकणातला जुना हिशेब अजून कामाला येतो: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. भरती खाडीत आत, ठाण्याकडे, थोडी उशिरा पोचते, तेवढी सवलत धरा. पाणी चढायला लागायच्या तासभर आधी काम उरकून काठावर या.

महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होत जातं, वरचा गाळ वाहून जातो, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका असतो. एरवीही हातमोजे आणि गमबूट हवेतच. या चिखलात सांडपाणी आहे, काचा आहेत, औद्योगिक पट्ट्यातून आलेले जड धातूही असू शकतात.

वरचा तपकिरी पापुद्रा आणि त्याखालचा काळा थर, दोन्ही घ्या. पापुद्र्यात डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळं) आणि सायनोबॅक्टेरिया (झाडांसारखं प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) असतात, काळ्यात सल्फेटवाले. फक्त काळा आणलात तर बाटलीच्या वरच्या मजल्याला भाडेकरूच मिळणार नाहीत.

दुसऱ्या बाटलीला गोड्या पाण्याचा गाळ हवा. ठाण्याला तलावांची वानवा नाही: मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, रायलादेवी. इथेही महापालिकेला विचारून काठावरचा, हात पोचेल एवढ्या खोलीचाच गाळ घ्या. अट एकच. जिथे पीओपीच्या मूर्तींचं विसर्जन होत आलं आहे तो कोपरा टाळा. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेटच, त्यामुळे त्या गाळात गंधकाचा साठा आधीच जमलेला असू शकतो. तलाव मिळालाच नाही तर सोसायटीच्या कमळाच्या कुंडीतला जुना गाळही चालेल.

भरणी

१. चिखल चाळा. दगड, शिंपल्या, पानं, प्लॅस्टिक काढा. बारकी चिंबोरी, निवटी, गांडुळासारखे किडे निघाले तर लगेच परत पाण्यात सोडा. दया म्हणून नाही फक्त. बाटलीत राहिलेला किडा बिळं करून प्राणवायू तळापर्यंत नेतो, आणि मेलेली चिंबोरी एकटीच सगळी बाटली नासवते.

२. तिथलंच पाणी थोडं थोडं घालत चिखल कालवा. घट्टपणा श्रीखंडासारखा हवा. दांडा उभा राहिला तर फार घट्ट, धार लागली तर फार पातळ. पातळ चिखल बसताना थर विस्कटतो आणि घट्टात हवेचे खिसे राहतात.

३. एकूण चिखलातला ३०० ग्रॅम वेगळा काढा. त्यात कागदाचे नखाएवढे तुकडे आणि अंड्याच्या कवचाची पूड मिसळा. तलावाच्या बाटलीत याच वेळी जिप्सम घाला. खाडीच्या बाटल्यांत नको: समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट मुळातच असतं, खाडीत त्याहून थोडं कमी. जिप्सम पाण्यात फार सावकाश विरघळतं, म्हणून चमचाभर पुरतं.

४. हे मिश्रण तळाशी भरा. बाटली दुमडलेल्या टॉवेलवर हलकेच आपटा, दांड्याने कडेकडेने दाबा. बाजूला एक जरी चकचकीत पोकळी दिसली तरी ती घालवा. हवेचा खिसा म्हणजे चुकीच्या मजल्यावर प्राणवायू.

५. वर उरलेला साधा चिखल भरा. तळापासून एकूण उंची बाटलीच्या पाऊण हिश्शापर्यंत यावी.

६. चमच्याची पाठ चिखलावर टेकवून तिच्यावरून पाणी सोडा, म्हणजे पृष्ठभाग ढवळला जात नाही. उरलेल्या जागेत निम्मं पाणी, वर तेवढीच मोकळी जागा.

७. फिल्म ताणून लावा, रबरबँड घाला, सुईने पाच-सहा भोकं पाडा. झाकण घट्ट बंद केलं तर आत तयार होणारा वायू बाटली फुगवतो. उघडं ठेवलं तर आठ दिवसांत डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यूच्या तपासणीला आलेले महापालिकेचे कर्मचारी विनोग्राड्स्कीचं नाव ऐकून घेत नाहीत.

८. मार्करने चिखलाची आणि पाण्याची पातळी बाटलीवर आखा, तारीख टाका. तिसऱ्या बाटलीला काळ्या कागदाचे दोन वेढे द्या.

कुठे ठेवायची

इथे निम्मे प्रयोग फसतात. जागा उजेडाची हवी, उन्हाची नाही. उत्तरेकडची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये ठेवलेली बाटली एप्रिल-मेमध्ये दुपारी आतून चाळीस अंशांच्या वर जाते आणि उकडते. पंचवीस ते तीस अंश योग्य, म्हणजे आपल्याकडची साधी खोली. एसीच्या खोलीत सगळं घडतं, पण रडतखडत.

खिडकी नसेल तर टेबललॅम्प लावू, असं वाटतं. सावध. बाटलीत पुढे रंगीत डाग उमटवणाऱ्या जांभळ्या जिवाणूंचं हरितद्रव्य आपल्या झाडांच्या हरितद्रव्यापेक्षा निराळं असतं. ते मुख्यतः ८०० ते ९०० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषतं. हिरव्या गंधक-जिवाणूंचं शोषण ७२० ते ७५५ च्या आसपास. पांढऱ्या एलईडीत हा भाग जवळजवळ नसतोच. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये भरपूर असायचा, म्हणून जुन्या कृतींत ‘बल्बखाली ठेवा’ लिहिलंय. दिवसाचा उजेडच बरा. पाम बीच रोडवरच्या टॉवरांसारख्या नव्या इमारतींत काचांवर उष्णतारोधक फिल्म असेल तर तीही अवरक्त प्रकाश अडवते. अशा घरात बाटली बाल्कनीच्या सावलीत ठेवा.

आठवडे कसे वाचायचे

दर रविवारी एकाच जागेवरून, शेजारी पट्टी उभी करून फोटो काढा. बाटली फिरवायची नाही, हलवायची नाही. पाणी उडालं तर चोवीस तास उघडं ठेवलेलं नळाचं साधं पाणी घाला. खाडीचं पाणी पुन्हा घातलंत तर दर वेळी मीठ वाढत जाईल. वाफ होते ती पाण्याची, क्षारांची नाही.

पहिला आठवडा कंटाळवाणा. थोडे बुडबुडे, गढूळ पाणी, वास.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चिखल खालून काळा पडत जातो. तळाशी ‘क्लोस्ट्रिडियम’सारखे जिवाणू कागदातलं सेल्युलोज कुजवून सेंद्रिय आम्लं, अल्कोहोल आणि हायड्रोजन सोडतात. त्यांचं उष्टं ‘डिसल्फोव्हिब्रिओ’ आणि त्याचे भाऊबंद खातात, सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड करतात. तो चिखलातल्या लोहाशी जुळला की काळं आयर्न सल्फाइड बनतं. खाडीची बाटली या कामात तलावाच्या बरीच पुढे असते.

साधारण याच सुमाराला पाण्याच्या कडेला हिरवटपणा येतो. हे शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया. बाटलीत प्राणवायू बनवणारे एवढेच. चिखलाच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा पापुद्रा दिसला तर तो बेजिआटोआ असण्याची शक्यता मोठी. तो बरोबर सीमेवर बसतो, कारण त्याला वरून प्राणवायू हवा असतो आणि खालून सल्फाइड. सकाळी आणि रात्री नीट पाहिलं तर पापुद्रा जागा बदलताना सापडतो. रात्री वरचे प्राणवायू बनवणं थांबवतात, सीमा वर सरकते, आणि हे महाशयही.

खरी मजा चौथ्या ते आठव्या आठवड्यात. काचेलगत, उजेडाच्या बाजूला, काळ्या चिखलात एखादा बोराएवढा डाग उमटतो. आधी शंका येते की डोळ्यांचा भास आहे. आठ दिवसांत तो रुपयाच्या नाण्याएवढा होतो आणि रंग ठरतो: वांग्याच्या सालीसारखा जांभळा असेल तर ‘क्रोमॅटियम’च्या कुळातले जांभळे गंधक-जिवाणू, त्याच्या खाली शेवाळी हिरवा असेल तर ‘क्लोरोबियम’च्या कुळातले हिरवे. दोघंही प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड फोडून. त्यामुळे प्राणवायू सुटत नाही, गंधक सुटतं. हिरव्यांना सल्फाइड जास्त सोसतं, म्हणून ते खाली. आणखी वर, जिथे सल्फाइड जेमतेम पोचतं, तिथे विटकरी-तपकिरी पट्टा दिसला तर ते ‘रोडोस्पिरिलम’सारखे, गंधकाची फारशी गरज नसलेले जांभळे.

अंधारातली बाटली तोवर काळीभोर होऊन बसलेली असते. तळातली कामं तिथेही चालू आहेत, फक्त उजेडावर पोट असलेले तिथे नाहीत.

तलावाच्या बाटलीत बुडबुडे खाडीच्या बाटलीपेक्षा बरेचदा जास्त आणि जास्त दिवस येतात. त्यांत मिथेन असतो. तो बनवणारे जीव जिवाणूही नाहीत, आर्किया या वेगळ्या घराण्यातले आहेत. हायड्रोजन आणि अॅसिटेट हे त्यांचं अन्न, पण सल्फेट भरपूर असेल तिथे सल्फेटवाले ते अन्न आधीच पळवतात. म्हणून खाडीत मिथेनवाल्यांची उपासमार आणि तलावात चंगळ. जिप्सम घातलेल्या तलावाच्या बाटलीत हा फरक पुसट होतो. तो ठळक बघायचा असेल तर जिप्सम न घालता चौथी बाटली करा. बुडबुड्यांना काडी लावून बघायचा मोह आवरा.

बिघडतं कुठे

*दोन महिने झाले, काळ्यापलीकडे काही नाही.* ही आपल्या भागातली नेहमीची तक्रार. सह्याद्रीचा बेसाल्ट लोहाने भरलेला, त्याची माती खाडीत येते. हे लोह तयार होणारं सल्फाइड गिळत राहतं आणि जांभळ्यांना मोकळं सल्फाइड मिळतच नाही. आधी थांबा, बारा आठवडेही लागतात. पुढच्या खेपेला तळात कागद थोडा वाढवा (७ ग्रॅमपर्यंत) आणि खाडीच्या बाटलीतही अर्धा चमचा जिप्सम घाला, म्हणजे लोह भागून सल्फाइड उरेल. तशी नोंद मात्र वहीत करा.

*काच पूर्ण हिरवी झाली.* ऊन लागतंय, किंवा चिखल आणि काच यांच्यात फट आहे आणि तिच्यातून पाणी खाली उतरलंय. बाटली दीड-दोन फूट आत घ्या. फट पडली असेल तर ती बाटली शेवाळाची म्हणून सोडून द्या, डागडुजी होत नाही.

*चिखलाचा गोळा वर उचलला गेला, मधे भेग.* वायू कोंडलाय. लांब बांबूची काडी मध्यभागी सावकाश खुपसून काढा, दोन-तीनदा. काचेलगत नको, तिथले डाग पुसले जातात. असं पुन्हा पुन्हा झालं तर कागद जास्त पडलाय.

*पाणी दुधाळ किंवा गुलाबी झालं.* दोन्ही ठीक. दुधाळ म्हणजे वर आलेलं सल्फाइड प्राणवायूला भेटून गंधकाचे कण झाले. गुलाबी म्हणजे जांभळे जिवाणू पाण्यातच वाढले, याचा अर्थ पाण्यातला प्राणवायू संपला आहे.

*वासच येत नाही.* बाटलीची चूक नसेल, नाकाची असेल. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असला तरी जाणवतो, पण सतत हुंगत राहिलं की नाक त्याला सरावतं आणि जास्त मात्रेत तर बधिरच होतं. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्यांचे जीव जातात त्यामागे हेही एक कारण आहे. बाटलीतली मात्रा किरकोळ असते, तरी झोपायच्या खोलीत ठेवू नका.

सूक्ष्मदर्शकाखाली

पातळ स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने बंद करून डागापर्यंत उतरवा, बोट क्षणभर उचला, पुन्हा दाबा, बाहेर काढा. एक थेंब काचपट्टीवर, वर कव्हरस्लिप. रंगद्रव्य नको. चारशे पट दाखवणारा शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरतो. १४० पटींच्या कागदी फोल्डस्कोपमध्ये डायटम, सायनोबॅक्टेरियाचे धागे आणि बेजिआटोआ दिसतील, बारके जिवाणू नाहीत.

क्रोमॅटियम हे जिवाणूंत धिप्पाड, पाच-सहा मायक्रॉन जाडीचे. शेजारी वळवळणारे साधे जिवाणू एका मायक्रॉनचे. त्यांच्या पोटात हिऱ्याच्या कणीसारखं काही चमकताना दिसेल. ते साठवलेलं गंधक. हिरवे मात्र गंधक पेशीबाहेर टाकतात, म्हणून त्यांच्या आजूबाजूला कण विखुरलेले असतात. आता सूक्ष्मदर्शकाचा डायफ्रॅम बराचसा बंद करून प्रकाशाचा ठिपका लहान करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. पोहणारे जांभळे ठिपक्यात गोळा होत जातात. कडेला पोचलेला जिवाणू अंधार लागताच चटका बसल्यासारखा उलटा फिरतो. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८३ साली ही हालचाल वर्णन केली. आज ती शाळेच्या बाकावर बघता येते.

या प्रयोगात एक गोष्ट मुळीच करायची नाही: हा चिखल आगर किंवा जिलेटिनच्या बशीत लावून वाढवणं. सांडपाणी मिसळलेल्या गाळातून काय उगवेल याचा भरवसा नाही, आणि बशीतली अन्नाची चंगळ रोगजंतूंना बाटलीपेक्षा कितीतरी जास्त मानवते.

हीच रीत, दुसरे पत्ते

मिठागराच्या शेवटच्या कुंडातला गुलाबी रंग मीठ सोसणाऱ्या आर्कियांचा आणि ‘ड्युनालिएला’ शेवाळाचा असतो. चिखलाची बाटली त्या पाण्याने भरली तर नेहमीचे रंग येत नाहीत, हेच बघण्यासारखं. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथल्या गरम कुंडांच्या दगडांवरचे रंगीत थर उष्णता आवडणाऱ्यांचे. ते घरच्या तापमानाला टिकत नाहीत, म्हणून तिथेच बघावेत, खरवडू नयेत. पावसाळ्यानंतर इमारतींच्या भिंतींवर उरणारे काळे ओघळ हाही बऱ्याच अंशी सायनोबॅक्टेरियाचा मुक्काम. आणि खाडीतले फ्लेमिंगो? त्यांचा गुलाबी रंग पोटात गेलेल्या सायनोबॅक्टेरिया-डायटमांच्या साखळीतून मिळालेल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. जेट्टीवरून जो तपकिरी पापुद्रा तुम्ही उचललात, तोच त्यांचा चारा.

बाटली मोडताना

नीट राखलेला स्तंभ वर्षभरही चालतो. मोडायचा ठरला तर गच्चीवर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, हातमोजे घालून जुन्या ट्रेमध्ये ओता. काळा चिखल हवेत काही तासांत तपकिरी व्हायला लागतो. आयर्न सल्फाइड गंजतंय. चार-पाच दिवस उन्हात वाळू द्या. तलावाचा गाळ शोभेच्या झाडाखाली पुरता येतो, भाजीच्या कुंडीत नको. खाडीचा कुठल्याच कुंडीत नको, क्षाराने झाड जळेल. वाळवून, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या. खाडीत किंवा तलावात परत टाकू नका, एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात सोडण्यासारखं होईल.

बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका, पाइप तुंबतो. आणि तुंबला म्हणून टॉयलेट क्लीनर तर मुळीच ओतू नका: त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते काळ्या चिखलाला लागलं की साठलेलं सगळं सल्फाइड एका दमात वायू होऊन बंद खोलीत सुटतं. रिकामी बाटली साध्या पाण्याने दोनदा धुवा, मग ब्लीचच्या पातळ पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, आणि मार्करची तारीख खोडून पुढच्या ऑक्टोबरसाठी माळ्यावर टाका.